सायकलीची खांदेमळणी

८ जानेवारी १९५८, बुधवार

अंबू, ही वही बार्शीला तुझ्या हातात पडेल तेव्हा तू आधी विचारशील, "चिमा म्हणजे कितवा गं?" म्हणून आधीच सांगून ठेवते. तू माझी पोटची लेक, पण लहानपणी शेळ्या घेऊन पवना नदीवर जायचीस आणि शेळ्या तिथंच विसरून घरी यायचीस. शेळ्यांना घर ठाऊक होतं म्हणून निभावलं. तर ऐक. पहिली वही मालोजीची, लष्करात पळून गेला आणि येताना बायको घेऊन आला तो. दुसरी सुमनची, जिचं लग्न दोनदा ठरलं आणि एकदाच झालं. दोन्ही तू वाचल्यास आणि गेल्या दिवाळीत मलाच विचारलंस, "सुमनचा नवरा कुठल्या गावचा?" ही तिसरी वही चिमाजीची. दोघांचा धाकटा. पुढचा दात अर्धा तुटलेला तोच.

मी सांगते, मंजुळा लिहिते. मला अक्षर येत नाही याची मला लाज नाही, आणि तिला चौथीपर्यंत येतं याची तिला घमेंड नाही, म्हणून सासूसुनेचं जमतं. फक्त ती चिमाची आई आहे. त्याला नावं ठेवली की तिचा टाक अडतो. मग मी तेच पुन्हा सांगते.

वही उघडायचं कारण असं, की चिमा शर्यतीत उतरणार आहे. सायकलींच्या. मुंबईहून निघायचं, बोरघाट चढायचा आणि पुण्याला पोचायचं, तेही आगगाडी असताना. पुढल्या महिन्याच्या नऊ तारखेला. पोरगा रोज रावेतहून खडकीपर्यंत सायकलीवर दूध घालतो, त्यात त्याचे पाय भरले नाहीत म्हणे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाचे लाडू वळले. त्यातला सगळ्यात मोठा चिमानं उचलला आणि चिंचवड स्टेशनाजवळच्या सायकलवाल्याला द्यायला गेला.

हा सायकलवाला लक्ष्मणराव. कोकणातला, संगमेश्वरकडचा. जातीनं आपल्यातलेच, पण तिन्हीत्रिकाळ भात खाणारे. बायको वारली, तेव्हापासून दोन पोरांना घेऊन इकडंच आहे. पोरगा सोनबा, तोही शर्यतीत आहे. पोरगी विमल. लक्ष्मणरावानं चिमाला जुन्या सुट्या भागांतून शर्यतीची सायकल जुळवून दिली. तिला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटा नाही. पिसं उपटलेली कोंबडी.

मला एक कळत नाही. चिमाची दुधाची सायकल आठवड्यात दोनदा पंक्चर होते. मी म्हटलं, "चिमा, गावात दहा जण दूध घालतात. समदे काटे तुझीच वाट बघत बसत्यात व्हय?"

"रस्ता खराब हाय आजी."

"त्यांचा रस्ता वेगळा हाय का?"

तर लाडू बांधत बसला.

चिंचवडातून येताना मी दुकानात टेकले. ती विमल ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत होती. चिमाही बघत होता, पण बुडबुडा टबात होता आणि हा टबाच्या फार वर बघत होता. पोराची नजर अधू झाली की काय? घरी येऊन मंजुळाला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई आत्याबाई, नजर चांगली हाय त्याची." आईला कधी दिसतं का पोराचं अधू.

१९ जानेवारी, रविवार

खडकीच्या मास्तरीणबाईंचा निरोप. दुधावर लोण्याचे कण तरंगत येतात, म्हणे. म्हैस दूध देते की ताक, असं विचारलंय.

मी कॅन उघडून बघितला. आत गवताची पेंडी होती तशीच. दूध हिंदकळू नये म्हणून आपण ती कायम टाकतो. तरी लोणी. म्हणजे पोरगा भरल्या कॅननिशी शर्यतीची तालीम करतोय, आणि खडकीला पोचेस्तोवर दुधाचं घुसळण होतंय.

विचारलं तर कबूल झाला. "पर आजी, बिरेक न्हाई लावत मी. बिरेकनं दूध सांडतं. लांबनंच पाय मारायचे थांबतो, गाडी आपसूक उभी ऱ्हाती."

हे खरं आहे. तुझा भाऊ अर्जुनही तसंच करायचा. दूधवाला आणि ब्रेक यांची ओळख नसते. मला तर तो दांडीखालचा चिमटा कशाला असतो तेच ठाऊक नाही.

म्हटलं, "मास्तरीणबाईंना सांग, दुधासंगं लोणी फुकट देतो. दुसरा कोण देतो?"

२२ जानेवारी, बुधवार

उद्या चिमा पहिल्यांदा घाटात जाणार. सोनबा बरोबर आहे. दोघं आगगाडीनं सायकली घेऊन लोणावळ्याला उतरणार, खोपोलीपर्यंत घाट उतरायचा, मग वर चढायचा.

मला काळजी वाटली. आपण बैलाला घाटात घालायच्या आधी काय करतो? बेंदराच्या आदल्या दिवशी काय करतो? खांदा मळतो. जिथं जू बसतं तिथं लोणी आणि हळद चोळतो, म्हणजे सोलपटत नाही. सायकलीला तर बेंदूर नाही आणि पोळाही नाही. उद्या पहाटे चिमा धारा काढायला गेला की मी सायकलीची खांदेमळणी करणार. भार पडतो कुठं? चाकांवर. तेव्हा चाकांच्या कड्यांना. लोणी घरचंच आहे, मास्तरीणबाईंच्या कृपेनं.

मंजुळा म्हणते, "चिमाला सांगू का?"

नको. ही आजकालची पोरं. देवाचा अंगारासुद्धा पाठ फिरवून पुसतात.

२३ जानेवारी, गुरुवार

पहाटे मळणी केली. दोन्ही चाकांच्या दोन्ही बाजू, चांगलं चोळून. वरची हळद पदरानं पुसून काढली, डोळ्यांत यायला नको. कुंकवाचा ठिपका मात्र पुढं ठेवला.

संध्याकाळी चिमाला सोनबानं टांग्यातून घरी आणलं. घाटाच्या उतारावर गाडी थांबलीच नाही. वळणावर कठड्याला धडकला. हाडवैद्य म्हणतो मोडलं काही नाही, पण खांदा सुजून भाकरीसारखा झालाय आणि एका बाजूची कातडी रस्त्यावर राहिली. कठडा नसता तर ही वही आज बंद झाली असती.

मंजुळाला पुढं लिहवत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

सोनबा मोडकी सायकल घेऊन आला. ओट्यावर बसून चाक फिरवून बघत होता. म्हणाला, "आजी, ब्रेकच्या रबरांना कायतरी पिवळं लागलंय. बुळबुळीत. म्हणून लागला नाय ब्रेक."

पिवळं. अंबू, त्यांच्या दुकानात पिवळ्या ग्रीसचा डबा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. त्यातलं ग्रीस सोनबाच्या कोपरापर्यंत असतं. आदल्या संध्याकाळी सायकल तपासून कुणी दिली? सोनबानं. घाट उतरताना मागं कोण राहिलं? सोनबा. आणि चिमा शर्यतीतून गेला तर पुढं कोण जाणार? मला अक्षर येत नाही, पण एवढी बेरीज येते.

मी तोंडावर काही बोलले नाही. त्याला चहा दिला. बशीत ओतून प्याला, शांतपणे.

तो गेल्यावर मंजुळानं विचारलं, "आत्याबाई, ती रबरं कशाला असत्यात वो?"

"मला काय ठावं. चाकाला टोचू नये म्हणून असतील."

तिनं लोण्याची वाटी उचलून मागं ठेवली.

२६ जानेवारी, रविवार

आज बाजार होता, शिवाय शाळेची पोरं झेंडे घेऊन फिरत होती. म्हणजे चिंचवडात ऐकायला माणूस कमी नव्हतं.

मी लक्ष्मणरावाच्या दुकानापुढं उभी राहिले आणि बोलले. काय बोलले ते मंजुळा लिहीत नाही म्हणते. थोडक्यात लिही. म्हटलं, तुझ्या पोरानं माझ्या नातवाचा घात केला, चाकाला ग्रीस लावून त्याला घाटात ढकलला. पोराला पळायला सायकल जुळवून दिलीस, आणि तीच तिरडी केलीस. आजपासून रावेतचा कुणी तुझ्या दारात पंक्चर काढणार नाही.

सोनबा उठला. "आजी, ग्रीस आसात लावतात. कड्याला कोण शहाणा लावील?"

"ज्याला पाडायचं असंल तो लावील," मी म्हटलं.

लोक हसले. लक्ष्मणरावानं पोराला खाली बसवलं. स्वतः मान खाली घालून पाना पुसत राहिला. चोराची मान खालीच असते. ती विमल मात्र माझ्याकडं सरळ बघत होती. तिच्या हातातली ट्यूब टबातून वर आली होती आणि पाणी तिच्या पायावर गळत होतं, तिला कळत नव्हतं.

घरी येऊन मला चांगली भूक लागली.

२९ जानेवारी, बुधवार

चार दिवसांत बरंच झालं.

आपल्या गावचे दूधवाले आता पंक्चर काढायला पिंपरीला जातात. पिंपरीला औषधाचा कारखाना झाल्यापासून तिथं दुसरं दुकान निघालंय. शर्यतीचं बघणारे नानासाहेब आहेत ना, चिंचवडचे, त्यांनी सोनबाचं नाव काढून टाकलं. डाग लागलेला गडी नको म्हणाले. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

चिमा मात्र जेवत नाही. खांद्याची सूज उतरली, हात वर जातो, पण पोरगा भिंतीकडं तोंड करून पडून आहे. आज मी ताट घेऊन बसले.

"आता तरी खा. तुझा दावेदार गेला शर्यतीतनं."

"मी बी पळणार न्हाई."

"का रं?"

"सोनबानं न्हाई केलं आजी. मला घाटातनं वर त्यानं पाठीवर आणला."

"मग कुणी केलं?"

"ठावं न्हाई. पर त्यानं न्हाई." मग थांबून म्हणाला, "शर्यत झाली की लक्ष्मणराव विमलला संगमेश्वराला पाठवणार हाय. तिथं मामानं स्थळ बघितलंय. हितं त्वांड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई म्हणतो."

"जाऊ दे की. आपलं काय जातंय?"

चिमा माझ्याकडं असा बघत राहिला की मीच ताट खाली ठेवलं. मंजुळा चुलीपुढून उठून परसात निघून गेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजाडलं. पंक्चरं, सगळ्यात मोठा लाडू, टबाच्या वरचं बघणं. अंबू, मी चार पोरांची लग्नं लावली आणि दोन नातवंडांच्या भानगडी निस्तरल्या, आणि हे मला दिसलं नाही. मंजुळाला ठाऊक होतं. सुनेला ठाऊक आणि सासूला नाही, असं या घरात कधी झालं नव्हतं.

रात्रीपर्यंत विचार केला. पोरगी वाईट नाही. हात काळे करायला लाजत नाही. पण ज्यांनी घात केला त्यांच्या घरची लेक आणायची? मन घेत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

मी लक्ष्मणरावाला बोलले ते बोलले, पण शर्यतीला चिमानं जावं असं मला वाटत होतं. त्याच्या बापानं, अर्जुननं, समजूत घातली तेव्हा कुठं तो उठला. सायकल घरीच सरळ केली, रबरं नवी घातली. रावेतचा माणूस लक्ष्मणरावाकडं जाणार नाही हा माझाच हुकूम, मग दुसरं काय करणार. दुपारी अंगणात उभी करून तो हात धुवायला गेला.

मी लोणी-हळदीची वाटी घेऊन बसले. या वेळी उजेडात, लपवायचं कशाला. पुढचं चाक झालं, मागचं चोळत होते तोवर चिमा आला.

"आजी, काय करतीस?"

"खांदेमळणी. मागल्या टायमाला कमी पडली असंल, म्हणून पडलास. आता दुप्पट लावते."

तो जवळ आला. माझा हात हळूच बाजूला केला, मागचं चाक उचललं आणि फिरवलं. मग दांडीखालचा तो चिमटा दाबला. ती नवी रबरं दोन्ही बाजूंनी कड्याला येऊन चिकटली. चाक फिरतच राहिलं. त्यानं आणखी दाबलं, बोटं पांढरी झाली. चाक फिरतच राहिलं. रबरांना पिवळं लागलं.

रबरं कशाला असतात ते मला आज कळलं.

चिमानं वाटी उचलून उंबऱ्यावर ठेवली. माझ्याशेजारी बसला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "हळद व्हती तर ती." आणि माझ्याच पदराच्या टोकानं माझी बोटं पुसायला लागला, एकेक करून.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज सांगण्यासारखं काही झालं नाही, पण मंजुळाला बसवून घेतलंय.

मनात आलेलं सांगते. चिमा कुणाला बोलणार नाही. अर्जुनला ठाऊक नाही. मंजुळा माझ्या शब्दाबाहेर नाही. लक्ष्मणराव आज ना उद्या पोरीला पाठवील, दुकान चालेल किंवा बंद पडेल, लोक विसरतील. मी सत्तरीला आले. सत्तरीच्या बाईनं बाजारात उभं राहून आपल्या तोंडानं आपली अक्कल सांगायची, हे कुणी पाहिलंय?

असं सकाळभर चाललं. दुपारी मंजुळा भाकरी थापताना सहज म्हणाली, "उद्या बाजार हाय, आत्याबाई. तुमचं लुगडं धुऊन वाळत घातलंय."

पाठ करून म्हणाली. सुना अशाच बोलतात. चेहरा दाखवत नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

गेले. त्याच जागी, दुकानापुढं. मोठ्यानं म्हटलं, "ऐका. सोनबानं घात केला न्हाई. ग्रीस न्हाई, लोणी-हळद व्हती, आणि ती मी लावली. बैलाची मळणी करत्यात तशी सायकलीची केली. सोनबाचा दोष न्हाई, लक्ष्मणरावाचा न्हाई. माझा हाय."

दोघातिघांनी वळून बघितलं. एक जण म्हणाला, "म्हातारीला चळ लागला," आणि वांग्यांचा भाव विचारायला गेला. गेल्या रविवारी याच जागी मला वाट मिळत नव्हती.

लक्ष्मणराव पहिल्यांदा बोलला. "आजी, तुम्ही वाईट बोललात तेव्हा सगळा बाजार इथं होता. चांगलं बोलताय तर किती थांबले बघा. माझं काय फिरलं यानं?"

त्याचं खरं होतं. मग मी त्याच्या दुकानाच्या फळीवर बसले. म्हटलं, "बाजार उठेस्तोवर बसते. जो येईल त्याला सांगते."

"बसा," तो म्हणाला. नको म्हणाला नाही आणि आनंदही दाखवला नाही.

तर बसले. जो हवा भरायला आला त्याला सांगितलं. आला नाही त्याला हाक मारून सांगितलं. आपल्या गावचा एक दूधवाला पिंपरीच्या वाटेनं सायकल ढकलत निघाला होता, त्याला सदऱ्याला धरून आणला. "काढ हितंच पंक्चर. माझा हुकूम व्हता, मीच मोडला."

तो म्हणाला, "कड्याला लोणी लावलं आजी तुमी? खरंच?"

"खरंच."

"आन् हळद?"

"हळद बी."

तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानं दुसऱ्याला बोलावून सांगितलं, आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला. अंबू, दुपारपर्यंत दुकानापुढं गेल्या रविवारपेक्षा जास्त माणसं होती. लोकांना खरं ऐकायचं नसतं, पण म्हातारीची फजिती ऐकायची असते. मी तीच पुन्हा पुन्हा विकली. नानासाहेबसुद्धा छत्री टेकत आले. त्यांना म्हटलं, "सोनबाचं नाव परत घाला. डाग माझ्या पदराला हाय, बघा अजून पिवळा हाय." त्यांनी घालतो म्हटलं.

विमलनं दुपारी मला पाणी दिलं. तांब्या समोर ठेवून म्हणाली, "आजी, सकाळपासून बोलताय. घसा सुकला असेल." राग होता का त्यात, मला ओळखता आलं नाही. मी सगळा तांब्या प्याले.

९ फेब्रुवारी, रविवार

शर्यत. आकुर्डीच्या पुढं हमरस्त्याला सगळं गाव उभं होतं. मी आणि मंजुळा कडेला, अर्जुन झाडावर. या वयात. लक्ष्मणराव आणि विमल आमच्या पलीकडं, चिंचवडच्या बाजूला, घागर आणि पेला घेऊन.

आधी मुंबईची दोन पोरं गेली, वाऱ्यासारखी, चेहरासुद्धा दिसला नाही. मग बराच वेळ रस्ता मोकळा. मंजुळा रस्त्यात पुढं पुढं जात होती, मी तिचा हात धरून ठेवला. घाट उतरायचा नव्हता, चढायचाच होता, हे मला चिमानं दहा वेळा समजावलं होतं. पण उतार काय फक्त घाटातच असतो?

मग सोनबा. मान खाली, तिसरा. मी त्याच्या नावानं ओरडले. आमच्या गावचे माझ्याकडं बघत राहिले.

नंतर पाचसहा जण गेले आणि चिमा आला. एक खांदा उचललेला, पण पाय चांगले चालले होते. माझ्याकडं पेला होता, मी पुढं केला. त्यानं मान हलवली आणि पुढं गेला. पुढं विमल उभी होती तिथं त्यानं कचकन ब्रेक लावला, एक पाय टेकला, तिच्या हातचं पाणी प्याला आणि निघाला. तेवढ्यात दोन गडी त्याच्या पुढं गेले.

पुण्याला सोनबा तिसरा आला. चिमा अकरावा. मी विचारलं, "त्याच्या मागं किती?" अर्जुन म्हणाला, पुष्कळ. मग ठीक आहे.

घरी आल्यावर म्हटलं, "माझ्याकडं पाणी न्हवतं व्हय?"

"व्हतं की."

"मग?"

"मग काय आजी," म्हणाला आणि लंगडत गोठ्यात गेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी आणि अर्जुन लक्ष्मणरावाच्या दुकानी रीतसर मागणी घालायला गेलो. मुलाकडच्यांनी जायची रीत नाही, ठाऊक आहे. पण ज्या माणसाला मी खाली बघायला लावलं त्याला माझ्या दारात बोलावू कसं?

त्यानं ऐकून घेतलं. लगेच हो म्हणाला नाही. विमलच्या मामाला कळवतो म्हणाला. सोनबानं मात्र माझ्यासाठी चहा आणला, आणि मी बशीत ओतून प्याले, शांतपणे.

१० मार्च, सोमवार

काल लक्ष्मणराव आणि सोनबा रावेतला आले. विमलला संगमेश्वराला पाठवत नाही म्हणाला. चिमाला देतो. पण बोलून झालं तरी उठेना, टोपी काढायचा आणि घालायचा. मी अर्जुनला आणि चिमाला बाहेर धाडलं.

"बोला," मी म्हटलं. "म्हातारीपाशी लाजायचं काय?"

"आजी, माझ्या घरात बाईमाणूस नाय. चार पाहुणे मी जेवू घालीन, त्याचं नाय. पण तुमच्याकडच्या बाया रुखवत बघायला येणार. कुरडया, शेवया, पापड, सांडगे. कोण करणार? विमलला पंक्चर काढता येतं, कुरडई येत नाय. बाजारात एकदा माझी मान खाली गेली. मांडवात जायला नको."

एवढंच त्याला अडत होतं. आठवडाभर मी त्याला चोर धरलं, आणि त्याच्या मनात काय, तर कुरडया.

मी म्हटलं, "रुखवत पोरीचंच असंल. तुमच्या घरनंच येईल. बाकी मला विचारू नका." त्यानं विचारलं नाही. जाताना पाया पडला. मी त्याला उठवलं, तर अंगाला दुकानाचा वास येत होता. चांगला वास आहे तो.

लग्न वैशाखात. आता अंबू, नीट ऐक, आणि या वेळी विसरलीस तर शेळ्यांसारखं आपसूक काही घरी येणार नाही. बार्शीचं ऊन आपल्यापेक्षा कडक, म्हणून तुझ्यावर टाकते. गहू भिजत घाल, पाणी रोज बदल, चीक घट्ट काढ आणि पाडव्याच्या आत कुरडया घालून घे. शेवया हाताच्या, बारीक. उडदाचे पापड, कोहळ्याचे सांडगे. दोन टोपली कर. लहान टोपलं आमच्या घरी पाठव, म्हणजे गावाला वाटेल आत्यानं भाच्याला खाऊ दिला. मोठं टोपलं सोनबा चिंचवड स्टेशनावर गाडीतून उतरवून घेईल. ते विमलचं. तिनं स्वतः केलंय असंच सगळे म्हणतील, तूही म्हण, मांडवात पहिल्यांदा बघितल्यासारखं कर.

कुरडया पांढऱ्या आणि अख्ख्या पोचल्या पाहिजेत. रुखवताला नावं ठेवायला वरपक्षाची म्हातारी म्हणून मीच पुढं बसणार आहे, आणि बायका माझ्या तोंडाकडं बघत असतील. माझ्या तोंडाला काही सापडू नये अशा कर, आणि शेवयांच्या मधोमध, मऊ धोतरात गुंडाळून पाठव.